बांधावरचे सवाल-जवाब

मागच्या अंकात दयाळ पक्ष्याच्या गाण्यावर चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग आला. बहुतेकांचा रोख एकच होता: नर पक्षी एकमेकांना 'उत्तर' देतात म्हणजे नेमकं काय करतात? म्हणून या वेळी सदराची सगळी जागा याच विषयाला दिली आहे. माझी सगळी नोकरी ध्वनिमुद्रणात गेली. पक्षी मी आधी कानांनी ओळखायला शिकले, दुर्बीण फार नंतर हातात आली. त्यामुळे उत्तरांत पिसांपेक्षा आवाजाबद्दलच जास्त वाचायला मिळेल.

प्रश्न : ताई, आमच्या गच्चीसमोर रोज पहाटे दोन नर दयाळ गातात. एक विजेच्या खांबावर, दुसरा पलीकडच्या पाण्याच्या टाकीवर. एक गातो तेव्हा दुसरा थांबतो, मग दुसरा सुरू करतो. आम्ही दोघं याला जुगलबंदी म्हणतो. पण मागच्या आठवड्यात तिसरा नर आला आणि सगळं बदललं. खांबावरच्याने गाणं सोडून घोगरा 'खर्र खर्र' आवाज काढला, शेपटी पिसारली आणि तो थेट अंगावर धावून गेला. इतका गोड गाणारा पक्षी असा का वागतो? (एक निवृत्त वाचक)

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. या विषयातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा तुम्ही गच्चीत बसून पाहिला आहे.

गोडवा आपल्या कानांना जाणवतो. त्या दोघांच्या लेखी खांब आणि टाकी यांच्यामध्ये कुठेतरी एक बांध आहे, आणि रोज पहाटे दोघं आपापल्या बाजूने तो नव्याने आखतात. विणीच्या दिवसांत नर दयाळ जमिनीचा एक तुकडा आपला मानतो. त्यात घरट्यासाठी एखादी ढोली किंवा भिंतीतलं भोक असतं, किडे टिपायला मोकळी जागा असते आणि गायला एखादी उंच बैठक असते. हे सगळं एका जागी मिळणं कठीण, आणि ज्यांना ते मिळालेलं नाही असे नर आसपास टपूनच असतात.

नुसत्या गाण्याने असा नर लांब राहतो का, हे शास्त्रज्ञांनी तपासून पाहिलं आहे. ऑक्सफर्डजवळच्या वायथमच्या रानात १९७०च्या दशकात जॉन क्रेब्स यांनी ग्रेट टिट या चिमणीएवढ्या पक्ष्यावर प्रयोग केला. जागा धरून बसलेले पक्षी त्यांनी काढून घेतले. काही रिकाम्या जागी ध्वनिवर्धक लावून त्याच जातीचं गाणं वाजवलं, काही ठिकाणी साधी पत्र्याची शिट्टी वाजवली आणि काही जागा गप्पच ठेवल्या. गप्प जागा आणि शिट्टीच्या जागा नव्या नरांनी लवकर बळकावल्या. गाणं वाजत होतं तिथे शिरायला ते बराच वेळ बिचकले. मालक नव्हताच, फक्त त्याचा आवाज राखण करत होता! पुढे १९७८ साली क्रेब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की एकच चीज पुन्हापुन्हा वाजवण्यापेक्षा निरनिराळ्या चिजा वाजवल्या तर जागा आणखी जास्त वेळ सुरक्षित राहते.

उलट बाजूचाही प्रयोग झाला आहे. अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या खाजणात राहणाऱ्या सीसाइड स्पॅरो या पक्ष्याच्या काही नरांचा आवाज थोड्या दिवसांसाठी बंद करण्यात आला. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुक्या नरांच्या जागा आक्रसल्या किंवा हातच्या गेल्या. आवाज परत आल्यावर त्यांचं बस्तान पुन्हा बसू लागलं. हा प्रयोग वाचताना मला त्या पक्ष्यांबद्दल वाईट वाटतं, पण त्यातून मिळालेलं उत्तर निःसंदिग्ध आहे.

आता तुमच्या जुगलबंदीकडे येते. खांबावरचा आणि टाकीवरचा हे जुने शेजारी आहेत. बांध कुठे आहे हे दोघांना ठाऊक आहे आणि आपापली हद्द दोघांना पुरते. अशा शेजाऱ्याशी रोज हातघाईवर येण्यात दोघांचंही नुकसानच. म्हणून 'मी आहे', 'मीही आहे' एवढ्यावर भागतं. या नात्याला जेम्स फिशर यांनी १९५४ साली 'प्रिय शत्रू' असं नाव दिलं आणि अभ्यासक आजही तेच वापरतात.

शेजारी आणि परका यांतला फरक नर फक्त आवाजावरून ओळखतो. कॅनडात ब्रूस फॉल्स आणि ब्रूक्स यांनी १९७५ साली पांढऱ्या गळ्याच्या स्पॅरोवर केलेला प्रयोग मला फार आवडतो. शेजाऱ्याचं ध्वनिमुद्रित गाणं त्याच्या नेहमीच्या बांधावरून वाजवलं तर मालक फारसा बिथरत नाही. परक्याचं वाजवलं तर चवताळतो. आणि त्याच ओळखीच्या शेजाऱ्याचं गाणं भलत्या बांधावरून, विरुद्ध बाजूने वाजवलं तर? तेव्हाही परका आल्यासारखाच चवताळतो. म्हणजे आवाज कुणाचा एवढंच त्याच्या लक्षात नसतं, तो आवाज कुठून यायला हवा हेही असतं. उत्तर अमेरिकेतला हूडेड वॉर्बलर हा छोटा पक्षी तर हिवाळ्यात दूर दक्षिणेला निघून जातो, पुढच्या वसंतात परत येतो आणि गेल्या वर्षीचे शेजारी आवाजावरून ओळखतो. रेने गोडार्ड यांनी हे १९९१ साली दाखवलं. दोनच वर्षांनी त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. शेजाऱ्याने बांध कोरला, म्हणजे तो आत घुसल्याचा भास ध्वनिमुद्रणाने निर्माण केला, की त्यानंतर त्याचं गाणं त्याच्या स्वतःच्या हद्दीतून आलं तरी मालक ते पूर्वीसारखं शांतपणे ऐकून घेत नाही. गमावलेला विश्वास पाखरांनाही कळतो, हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

तुमचा तिसरा नर परका होता. त्याच्याबरोबर काही ठरलेलंच नव्हतं, म्हणून त्याचा पाहुणचार वेगळा झाला.

उत्तराच्या पायऱ्या असतात, त्याही ऐका. सिअ‍ॅटलमधल्या डिस्कव्हरी पार्कात मायकेल बीचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साँग स्पॅरोचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. या पक्ष्याच्या एकेका नराकडे साधारण आठ-दहा चिजा असतात आणि त्यांतल्या काही शेजाऱ्याकडेही असतात. शेजाऱ्याने 'अ' ही चीज म्हटली आणि याने उत्तरादाखल दोघांना येणारी दुसरीच, 'ब' म्हटली, तर 'तू कोण ते कळलं' एवढाच त्याचा अर्थ. पण याने 'अ'ला 'अ'नेच उत्तर दिलं तर तो हात दाखवून दिलेला इशारा असतो आणि मामला चढू लागतो. दुसरी पायरी वेळेची. समोरच्याची तान संपेपर्यंत थांबायचं की ती चालू असतानाच मध्ये आपली घुसवायची? अनेक जातींमध्ये असं मध्येच घुसणं चढाईचं ठरतं. तुमचे दोघं एकमेकांचं गाणं संपू देतात. ते थांबणं तुम्ही टिपलंत, यासाठी तुम्हाला शाबासकी द्यावीशी वाटते.

आणि तो 'खर्र'? ती हाक आहे, गाणं नाही. दयाळाच्या आवाजांचा तपशीलवार अभ्यास भारतीय शास्त्रज्ञांनी केला असून तो २००० साली 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हद्दीच्या गाण्याखेरीज धमकीची हाक, शरणागतीची हाक, संकटाची हाक, पिलांची मागणी अशा निरनिराळ्या हाका वेगळ्या काढलेल्या आहेत. लांबवर पोचवायचं असेल तिथे गाणं चालतं. प्रतिस्पर्धी चार हातांवर आला की त्या लांबलचक तानेचा उपयोग उरत नाही, तिथे आखूड, खरखरीत, तत्काळ पोचणारी हाक लागते.

एक गोष्ट मात्र तुमच्या पत्रात नाही आणि ती मुद्दाम ऐकावी असं मला वाटतं. धावून जाण्याच्या आधीच्या क्षणी आवाज मोठा होतो असं आपण धरून चालतो. साँग स्पॅरोच्या बाबतीत उलट आढळलं. विल्यम सर्सी आणि सहकाऱ्यांनी नराच्या हद्दीत पेंढा भरलेला नर ठेवला, जवळ गाणं वाजवलं, आणि कोणता नर हल्ला करतो आणि त्याआधी काय काय करतो याची नोंद ठेवली. २००६ साली त्यांनी सांगितलं की हल्ल्याची सर्वांत भरवशाची खूण म्हणजे अगदी हळू, पुटपुटल्यासारखं गाणं. कॉर्नक्रेक नावाच्या, गवतात लपून रात्रभर ओरडणाऱ्या पाणकोंबडीच्या भाऊबंदातही असंच आढळलंय. तिथे तर गाणं शिकण्याचा प्रश्नच नाही, सगळी हाक उपजत. घरातली वडीलधारी माणसं ओरडायची थांबून दबक्या आवाजात बोलू लागली की आपण लहानपणी जसे सावध व्हायचो, तसंच हे. पुढच्या वेळी परका आला तर 'खर्र'च्या आधी खांबावरचा काय पुटपुटतो, ते कान देऊन ऐका.

प्रश्न : आजी, मी 'कुहू' म्हटलं की कोकिळा पण 'कुहू' म्हणते. मी परत म्हटलं की ती अजून वरच्या आवाजात म्हणते. ती माझ्यावर चिडते का? (सातवीतली एक मुलगी)

उत्तर : आधी एक दुरुस्ती करू या. 'कुहू' करतो तो काळा कुळकुळीत कोकीळ, म्हणजे नर. ठिपक्याठिपक्यांची तपकिरी मादी 'किक्-किक्-किक्' असं भराभर ओरडते. गाण्यांमध्ये आणि कवितांमध्ये कोकिळाच गाते, त्यामुळे तुझी चूक अगदी साहजिक आहे.

आता तुझा प्रश्न. कोकिळाची हाक मुळातच चढत जाते. तो एकटा असला तरी पहिलं 'कुहू' खालच्या पट्टीत म्हणतो आणि मग एकेक पायरी वर चढतो. म्हणून वरचा सूर लागला म्हणजे तो तुझ्यावर चिडलाच असं म्हणता येत नाही. पण तू दिलेली हाक त्याला दुसऱ्या नराची वाटणं शक्य आहे. त्याचा लांबचा भाऊ असलेल्या युरोपातल्या कुकू पक्ष्यावर हंगेरीत प्रयोग झाले आहेत. ओळखीच्या शेजाऱ्याची 'कुक्-कू' ऐकवली तर तो तितकासा अस्वस्थ होत नाही, परक्याची ऐकवली तर जास्त होतो. गंमत अशी की कोकीळ असो की कुकू, दोघंही परक्याच्या घरट्यात वाढतात. कावळ्याने भरवलेलं कोकिळाचं पिल्लू मोठेपणी काव काव करत नाही, 'कुहू'च करतं. त्याला ते कुणी शिकवत नाही. दयाळाचं पिल्लू मात्र आजूबाजूच्या मोठ्या नरांचं ऐकून गाणं शिकतं.

तू एक काम कर. पाच दिवस अगदी गप्प बसून मोज: तो एका दमात किती वेळा 'कुहू' म्हणतो आणि मग किती वेळ थांबतो. सहाव्या दिवशी फक्त तीनदा आवाज दे आणि पुन्हा मोज. थांबण्याचा वेळ कमी झाला तर त्याने तुझी दखल घेतली असं आपण म्हणू. तीनपेक्षा जास्त वेळा मात्र देऊ नकोस. का ते खाली एका दादाला लिहिलं आहे, तेही वाच.

प्रश्न : पहाटे एक कोंबडा आरवला की पाठोपाठ सगळे आरवतात. ते एकमेकांना उत्तर देतात की सगळ्यांना एकदमच जाग येते? (एक वाचक)

उत्तर : दोन्ही खरं आहे. जपानमध्ये त्सुयोशी शिम्मुरा आणि ताकाशी योशिमुरा यांनी २०१३ साली दाखवलं की पहाटेची वेळ कोंबड्याला शरीरातल्या घड्याळावरून कळते. त्याला सतत मंद उजेडात ठेवलं तरी तो आपल्या हिशेबाने आरवतो. पण कुणी आधी आरवायचं हे मानावर ठरतं. एकत्र राहणाऱ्या कोंबड्यांत जो सर्वांत वरचढ, तो पहिली बांग देतो. मग त्याच्या खालचा, मग त्याच्या खालचा. वरचढाला बाजूला नेलं की दुसऱ्या क्रमांकाचा पहिला होतो. ही गोष्ट २०१५ साली प्रसिद्ध झाली.

प्रश्न : मी पक्ष्यांचा अभ्यास करतो. एकाच नराला एकच गाणं दोनदा ऐकवलं. एकदा तो थेट स्पीकरवर झेपावला, दुसऱ्यांदा लांब फांदीवर बसून नुसता गात राहिला. स्पीकर त्याच जागी होता. फरक एवढाच की दुसऱ्या वेळचं ध्वनिमुद्रण मी खूप दुरून केलेलं होतं. असं का व्हावं? (एक विद्यार्थी)

उत्तर : या प्रश्नाची मी वर्षानुवर्षं वाट पाहत होते. यात माझी नोकरी आणि माझा छंद एकत्र येतात.

आवाज रानातून जातो तेव्हा तो फक्त लहान होत नाही, त्याचा पोतही बदलतो. वरचे बारीक सूर आधी विरतात, कारण हवा आणि पानं ते जास्त शोषतात. खालचे सूर टिकतात. शिवाय प्रत्येक खोडावर, फांदीवर आपटून आवाजाचे तुकडे मागाहून येतात आणि दोन सुरांमधली स्वच्छ फट भरून काढतात. जवळून ऐकलेल्या तानेत प्रत्येक दाणा सुटा असतो, दुरून ऐकलेल्या तानेत दाणे एकमेकांना चिकटतात. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत आम्ही हेच मुद्दाम करायचो. नाटकातलं पात्र लांबून बोलतंय असं भासवायचं असेल तर नुसता आवाज कमी करून भागत नसे. वरचे सूर छाटायचे आणि थोडा घुमारा मिसळायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला ते पात्र आपोआप दूर गेल्यासारखं वाटे.

पक्षीही हेच वाचतो. १९८१ साली डग्लस रिचर्ड्स यांनी कॅरोलायना रेन या पक्ष्याला दोन प्रकारची ध्वनिमुद्रणं ऐकवली, एक स्वच्छ आणि एक दुरून आल्यासारखं बिघडलेलं. स्वच्छ गाणं ऐकल्यावर नर धावून आला, कारण तेवढं स्वच्छ ऐकू येतंय म्हणजे प्रतिस्पर्धी हद्दीच्या आत असणार. बिघडलेलं ऐकल्यावर त्याने जागेवरूनच गाऊन उत्तर दिलं, कारण तो अजून बांधापलीकडे आहे. तुमच्या नरानेही तोच हिशेब केला. स्पीकर कुठे आहे याकडे त्याने पाहिलं नाही. गाण्यातलं रान ऐकलं आणि 'हा लांबचा' असं ठरवलं.

आवाजाचा मोठेपणा हा अंतराचा कच्चा पुरावा आहे, हे यातून लक्षात येईल. नर तोंड फिरवून गायला तरी आवाज लहान होतो, जोरात गायला तर मोठा होतो. घुमारा मात्र फसवत नाही. प्रयोगाच्या वहीत ध्वनिमुद्रण किती अंतरावरून केलं, ते पानांच्या दिवसांत की पानगळीत, हे लिहायला कधीही विसरू नका. ही नोंद नसल्यामुळे चांगले प्रयोग वाया गेलेले मी पाहिले आहेत.

प्रश्न : मोबाइलवर आवाज वाजवला की नर लगेच समोर येतो आणि फोटो उत्तम मिळतो. काहीजण याला फार नावं ठेवतात. पक्ष्याला आपण हातही लावत नाही, मग बिघडलं कुठे? (एक तरुण छायाचित्रकार)

उत्तर : हे मी स्वतः केलेलं आहे, म्हणून उपदेश न करता काय झालं तेच सांगते.

१९८८ साली माझ्याकडे नवा कॅसेट रेकॉर्डर होता. एका भिंतीच्या भोकात दयाळाचं घरटं होतं आणि आत पिलं होती. मला नराचं जवळून, स्वच्छ गाणं हवं होतं. आदल्या दिवशी केलेलं एका दुसऱ्या नराचं ध्वनिमुद्रण मी त्याला ऐकवलं. तो आला. गायला, खरखरला, माझ्या डोक्यावरून दोनदा गेला. मी कॅसेट मागे फिरवली आणि पुन्हा वाजवली, मग पुन्हा. तासभर हे चाललं. घरट्यावरच्या फेऱ्यांची नोंद ठेवायची सवय मला आधीपासून होती, आणि घरी येऊन वही उघडली तेव्हा समजलं. आदल्या दिवशी त्याच वेळेत नराने पिलांसाठी सहा फेऱ्या केल्या होत्या. त्या तासात एक. मादी मात्र चोचीत अळी धरून येतजात होती, ते सगळं माझ्या कॅसेटवर मागे ऐकू येतं. पिलांचा कलकलाटही ऐकू येतो. ती कॅसेट अजून माझ्याकडे आहे. त्या तासानंतर घरट्याजवळ मी आवाज वाजवला नाही.

आता बिघडतं कुठे ते पाहा. खरा प्रतिस्पर्धी मालकाचं उत्तर ऐकून माघार घेतो. मोबाइल घेत नाही. मालक आपल्या सगळ्या पायऱ्या वापरतो, गाणं, धमकी, झेप, आणि समोरचा हरतच नाही. तोवर खाणं थांबतं, पिलांकडे दुर्लक्ष होतं, उघड्यावर आल्यामुळे शिक्र्याच्या नजरेला पडण्याचा धोका वाढतो. शिवाय हा सगळा वेळ शेजारी ऐकत असतात. क्रेब्स यांच्या प्रयोगात जो आवाज रिकाम्या जागेची राखण करू शकला, तोच तुमच्या खिशात आहे. तो एवढा दुबळा कसा असेल? शिकाऱ्यांना तर ही ताकद फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पिंजऱ्यातला नर तित्तिर ओरडू लागला की रानातला नर भांडायला येतो आणि फासात अडकतो.

अनेक अभयारण्यांत ध्वनिमुद्रण वाजवायला मनाई आहे आणि ती मला पूर्ण पटते. अभ्यासासाठी वाजवणारेही वेळ मोजून वाजवतात आणि त्याच नराला पुन्हापुन्हा त्रास देत नाहीत. फोटोसाठी दुसरा रस्ता आहे. नराच्या गाण्याच्या बैठका ठरलेल्या असतात. दोन पहाटा नुसतं बसून त्या हेरा. तिसऱ्या पहाटे तो तुमच्या भिंगासमोर आपणहून येऊन बसेल, आणि तेव्हा त्याची चोच गाण्यासाठी उघडलेली असेल.

प्रश्न : एक शिंजीर आमच्या गाडीच्या आरशावर दिवसभर चोची मारतो. त्याला वेड लागलंय का? (एक वाचक)

उत्तर : नाही. आरशात त्याला प्रतिस्पर्धी दिसतो. बाकीच्या भांडणांत आवाजाने पुष्कळसं मिटतं, पण इथे समोरचा उत्तर देत नाही, माघार घेत नाही आणि हा जितका चिडेल तितकाच तोही चिडलेला दिसतो. डोळ्यांना दिसणारी खूण किती तीव्र असते हे डेव्हिड लॅक यांनी इंग्लंडमधल्या रॉबिनवर दाखवलं होतं. छातीच्या लाल पिसांचा नुसता झुपका ठेवला तरी मालक त्यावर तुटून पडत असे. विणीचे दिवस संपेपर्यंत गाडी उभी असताना आरशाला फडकं बांधा.

प्रश्न : रहदारीच्या गोंगाटात हे सगळे सवाल-जवाब ऐकू तरी जातात का? (एक वाचक)

उत्तर : पक्षी तडजोड करतात. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात गोंगाटाच्या जागी राहणारे ग्रेट टिट आपल्या गाण्यातले खालचे सूर वर उचलतात, असं हान्स स्लॅबेकोर्न आणि मार्ग्रिट पेट यांनी २००३ साली दाखवलं. बर्लिनमधले नाइटिंगेल आवाजच वाढवतात, आणि कामाच्या दिवशी पहाटे सुट्टीच्या दिवसापेक्षा जोरात गातात. (नाइटिंगेल म्हणजे आपला बुलबुल नव्हे. फारसी कवितेतला बुलबुल तो हा, आपला शेंडीवाला बुलबुल अगदी वेगळ्या कुळातला.) पण वर लिहिलेला दबका इशारा गोंगाटात कसा पोचणार, याची मला काळजी वाटते. जोरात गाण्याला पर्याय आहे, पुटपुटण्याला नाही.

प्रश्न : तुम्ही सतत नर, नर म्हणता. माद्या गातच नाहीत का? आणि हे सगळं चाललेलं असताना त्या काय करतात? (एक वाचक भगिनी)

उत्तर : गातात, आणि ही टोचणी योग्य आहे. २०१४ साली कॅरन ओडोम आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या नोंदी तपासल्या तेव्हा पाहणीतल्या ७१ टक्के गायक पक्ष्यांत मादीचंही गाणं आढळलं. या पक्ष्यांच्या आद्य पूर्वजांत नर-मादी दोघंही गात असावेत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आपण वर्षानुवर्षं समशीतोष्ण देशांतले पक्षी ऐकून नियम बांधले, तिथे नरच जास्त गातात. इंग्लंडच्या रॉबिनची मादीही हिवाळ्यात स्वतःची वेगळी हद्द राखते आणि गाऊन राखते.

आणि त्या ऐकतात. कॅनडात डॅनियल मेनिल आणि सहकाऱ्यांनी काळ्या टोपीच्या चिकडी पक्ष्यांवर प्रयोग केला. प्रत्येक थव्यात नरांची उतरंड असते. त्यातल्या वरच्या क्रमांकाच्या काही नरांना त्यांनी ध्वनिमुद्रित प्रतिस्पर्ध्याशी गाण्याची लढाई करायला लावली. प्रतिस्पर्धी मुद्दाम त्यांच्या तानेत घुसायचा, त्यांचीच पट्टी पकडायचा, म्हणजे यांची हार व्हायची. काही मिनिटांचाच खेळ. नंतर पिलांचा डीएनए तपासला तेव्हा दिसलं की हरलेल्या या मानकऱ्यांच्या घरट्यांत दुसऱ्या नरांची पिलं जास्त होती. माद्यांनी लढाई ऐकली होती आणि आपलं मत बनवलं होतं. हे २००२ साली 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झालं.

म्हणून गच्चीतल्या वाचकांना एक विनंती. खांबावरचा आणि टाकीवरचा गात असतील तेव्हा खालच्या तारेवर, कुंपणावर, झुडपात नजर टाका. दयाळाची मादी काळी नसते, राखाडी असते, चटकन दिसत नाही. ती त्या वेळी कुणाच्या बाजूला बसते आणि गाणं थांबल्यावर कुठे जाते, ते पुढच्या पत्रात तारखेसह लिहून पाठवा.